म्हशीचं इंजेक्शन आणि तुझं बाळंतपण

तळोजा पाचनंद

चि. सौ. अश्विनीस,


तुझ्या सासूबाई म्हणतात ते खरं आहे. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून गोठ्यात टोचतात ते इंजेक्शन आणि बाळंतपणात बाईला देतात ते, दोन्हींत औषध एकच असतं. ऑक्सिटोसिन. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी आधी हसले आणि मग "सविस्तर लिहिते" म्हणून फोन ठेवला, याचं कारण हेच की नुसतं "हो" म्हटलं असतं तर तू घाबरली असतीस आणि "नाही" म्हणणं खोटं झालं असतं. चंदगडच्या तुमच्या गोठ्यात चार म्हशी आहेत, सासूबाईंचं आयुष्य त्यांच्या मागे गेलं. त्यांनी ती बिनलेबलची बाटली पाहिलेली आहे, ती टोचून टोचून बाद झालेल्या म्हशीही पाहिलेल्या आहेत. "ते सुनेच्या अंगात नको" असं त्यांना वाटलं, यात मला अडाणीपणा दिसत नाही. त्यांनी बघितलेलं खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला आहे.

हे पत्र मी दुसऱ्यांनाही वाचायला देणार आहे. माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली, आणि हाच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी कितीतरी वेळा ऐकू आलाय.

आधी म्हशीचं बघू, कारण ते तुमच्या घरात सगळ्यांना कळतं. पारडू कासेला ढुसण्या देतं, धारेला बसलेली बाई सडांवरून हात फिरवते, समोर आंबोण येतं आणि म्हैस पान्हवते. आत काय होतं, तर कासेपासून निघालेली खबर मज्जातंतूंतून मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसपर्यंत जाते. ऑक्सिटोसिन तिथे तयार होतं आणि खाली लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात साठवलेलं असतं. तिथून ते रक्तात सुटतं, कासेतल्या दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि दूध खाली उतरतं. बाळ पाजताना तुझ्या अंगात हेच होणार आहे. बाळ रडलं तरी पदर ओला होतो, तो याच्यामुळे.

आता शहराकडचा तबेला घे. तिथे पारडू जगू देणं परवडत नाही. ते मेलं किंवा विकलं की म्हैस पान्हा चोरते. मग जुने लोक मेलेल्या पारडाच्या कातड्यात भुसा भरून ते पुढ्यात ठेवत. त्याहून वाईट प्रकार म्हणजे फुंका. नळीनं म्हशीच्या योनीत हवा फुंकायची. लिहितानाही अंगावर काटा येतो, पण त्यानं दूध उतरायचं, आणि का उतरायचं तेही आता माहीत आहे. जननमार्गाला ताण बसला की तीच खबर मेंदूकडे जाते आणि पीयूषिका ऑक्सिटोसिन सोडते. बाळंतपणात बाळाचं डोकं खाली दाबू लागलं की कळा वाढत जातात, त्यामागेही हीच साखळी आहे. फर्ग्युसन नावाच्या शास्त्रज्ञानं 1941 मध्ये ती दाखवून दिली. म्हणजे फुंका घालणारे त्या मुक्या जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन जबरदस्तीनं काढून घेत होते. पुढे इंजेक्शन आलं आणि नळी गेली. क्रूरपणा तोच राहिला, फक्त करायला सोपा झाला.

गांधीजींनी गाई-म्हशीचं दूध सोडलं त्यामागे या फुंक्याची किळस हे एक मोठं कारण होतं. आत्मकथेत त्यांनी ते लिहिलं आहे. खेडा सत्याग्रहानंतर ते अतिशय आजारी पडले, हवापालट म्हणून आपल्या इथल्या माथेरानला आले, तिथलं पाणी मानवलं नाही म्हणून आठवड्याभरात उतरले आणि मुंबईत डॉ. दलाल यांना दाखवलं. दूध घेतल्याशिवाय तब्येत सुधारणार नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. गांधीजींची तर शपथ. फुंक्याचं कारण त्यांनी सांगितल्यावर कस्तुरबांनी विचारलं की मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? तिथून शेळीचं दूध सुरू झालं. पुढे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम 12 आलं. दुधासाठी फुंका किंवा जनावराच्या तब्येतीला घातक ठरणारं इंजेक्शन देणं हा त्यानुसार गुन्हा आहे. सासूबाईंना हे कलम जरूर सांग, पटकन पटेल.

दुधातून ते इंजेक्शन पोरींच्या पोटात जातं आणि त्या लवकर वयात येतात, असंही गावात बोललं जातं. ते सोडून दे. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी आहे, प्रथिनाचा तुकडाच. पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं ते पचून जातं. म्हणूनच ते गोळीनं देता येत नाही, टोचावंच लागतं. खरं नुकसान म्हशीचं होतं. रोज टोचल्यावर तिला इंजेक्शनाशिवाय पान्हावणंच जमेनासं होतं.

आता बाईचं.

औषधाचा शोध लागला तो बैलाच्या पीयूषिकेतून. 1906 मध्ये लंडनला हेन्री डेल यांना दिसलं की या ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क दिला की मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं. दोन-तीन वर्षांत तो अर्क बाळंतपणात वापरायला लागले. पण कत्तलखान्यातून आणलेल्या ग्रंथींच्या त्या अर्कात ऑक्सिटोसिनबरोबर व्हॅसोप्रेसिनही असायचं. ते रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब वाढवतं. कुठल्या बाटलीत किती जोर आहे याचा नेम नाही. 1953 मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिनची साखळी उलगडली आणि प्रयोगशाळेत जशीच्या तशी बनवून दाखवली. अशा तऱ्हेचं हार्मोन माणसानं बनवण्याची ती पहिली वेळ. 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

इथे तळोज्यात "केमिकल" हा शब्द उच्चारला की लोकांचे चेहरे बदलतात, आणि त्यांचं चुकत नाही. रात्री खिडकी उघडली की एमआयडीसीचा वास घरात येतो. 2017 च्या ऑगस्टमध्ये इथली कुत्री निळी झाली, जगभर फोटो छापून आले. कारखान्यातला रंग बाहेर सुटला होता. कासाडी नदीचं काय झालंय ते तुझ्या बाबांनी तुला लहानपणापासून ऐकवलंय. त्यामुळे कारखान्यात बनलेलं औषध म्हटल्यावर तू दचकलीस तर नवल नाही. पण या औषधाच्या बाबतीत कारखाना ही चांगली गोष्ट ठरली. व्हॅसोप्रेसिनची भेसळ गेली, मात्रा ठरली, जनावरांच्या ग्रंथींवरची भिस्त संपली. आपल्या शेजारी तुर्भ्याला 1966 साली सुरू झालेल्या हेमो फार्मास्युटिकल्सचा कारखाना अशाच अमिनो आम्लांच्या साखळ्या बनवतो. 2021 मध्ये तो पिरामलनं घेतला.

आता मुद्द्यावर येते. लेबर रूममध्ये ऑक्सिटोसिन दोन अगदी वेगळ्या वेळी देतात, आणि लोकांच्या मनात त्यांची सरमिसळ होते.

एक, बाळ बाहेर येण्याआधी, कळा मंद असतील तर. तेव्हा ते सलाईनमधून, थेंबाथेंबानं, मोजून देतात. आम्ही त्याला पिटोसिनची ड्रिप म्हणायचो. शेजारी सिस्टर बसलेली हवी. पोटावर हात ठेवून कळा मोजायच्या, बाळाचे ठोके ऐकायचे. कळा फार जवळजवळ आल्या, ठोके उतरले की बाटलीचा कॉक बंद. रक्तात हे औषध काही मिनिटंच टिकतं, त्यामुळे ड्रिप थांबवली की जोर ओसरू लागतो. हे थांबवता येणं फार महत्त्वाचं आहे. तेच इंजेक्शन दंडात किंवा कमरेत टोचलं तर ते परत काढून घेता येत नाही. गर्भाशयाची पिशवी आवळलेलीच राहते, बाळाचा श्वास कोंडतो, कधी पिशवी फाटते. खेड्यापाड्यांत "लवकर मोकळी होईल" म्हणून कुणीतरी घरी येऊन असं टोचून जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं बाळ व्हायच्या आधी कळा वाढवायला स्नायूत ऑक्सिटोसिन देऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. असं टोचून आणलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, तुझे दिवस भरत आलेत. तुझ्या सासूबाईंची भीती नेमकी इथे लागू पडते. त्यांनी गोठ्यात पाहिलं तेही हेच होतं. मात्रा मोजलेली नाही, टोचणाऱ्याला आत काय चाललंय ते माहीत नाही आणि टोचून तो निघून गेलेला.

आणखी एक गोष्ट पुस्तकात असते पण लोकांना माहीत नसते. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन यांत नऊपैकी दोनच अमिनो आम्लांचा फरक आहे. व्हॅसोप्रेसिनचं एक काम म्हणजे लघवी रोखून अंगात पाणी धरून ठेवणं. त्यामुळे तासन्‌तास जास्त मात्रेची ड्रिप आणि सोबत बाटल्यांवर बाटल्या पाणी असं झालं तर ऑक्सिटोसिनही तेच करू लागतं. रक्तातलं मीठ उतरतं, बाई गुंगीत जाते, झटकेही येऊ शकतात. म्हणून लघवी किती झाली हे सिस्टर वहीत लिहीत असते. तिच्यावर वैतागू नकोस.

दुसरी वेळ म्हणजे बाळ बाहेर आल्याबरोबर. तेव्हा 10 युनिट स्नायूत टोचतात आणि ते टोचलंच पाहिजे. आता आत बाळ नाही, त्यामुळे पिशवी जितकी घट्ट आवळेल तितकं बरं. वार सुटल्यावर तिच्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या बंद करायचं काम पिशवीचे स्नायू करतात. ते ढिले पडले तर धडधाकट बाई तासा-दोन तासांत हातची जाते. 2018-20 च्या सरकारी आकडेवारीत लाख जिवंत जन्मांमागे देशात 97 माता दगावत होत्या, महाराष्ट्रात 33. आपला आकडा खाली आला त्यामागे बऱ्याच गोष्टी आहेत. दवाखान्यात होणारी बाळंतपणं, रक्तपेढ्या, 108 ची गाडी. पण बाळ झाल्या झाल्या टोचायची ही अडीच आण्याची कुपी त्यांत वरच्या नंबरवर आहे, असं माझं मत आहे आणि ते मी कुणाशीही भांडून सांगेन.

असं औषध आपल्या सरकारनं 2018 मध्ये जवळजवळ बंद करायला घेतलं होतं, हे तुला माहीत नसेल. गोठ्यातला गैरवापर थांबवायचा म्हणून 27 एप्रिल 2018 ला अधिसूचना निघाली. खासगी कंपन्यांनी देशासाठी ऑक्सिटोसिन बनवायचं नाही, फक्त कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एका सरकारी कंपनीनं बनवायचं. एवढ्या मोठ्या देशातल्या बाळंतिणी एका कारखान्याच्या भरवशावर! तिथे एक मशीन बिघडलं तर? बायांच्या डॉक्टरांनी ओरड केली. मुंबईची निऑन लॅबोरेटरीज, मायलन गटातली एक कंपनी आणि ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क दिल्ली उच्च न्यायालयात गेले. 14 डिसेंबर 2018 ला न्या. रवींद्र भट आणि न्या. ए. के. चावला यांनी ती बंदी मनमानी ठरवून रद्द केली. तिच्यामागे शास्त्रीय आधार नव्हता, आणि बायांना औषध मिळालं नाही तर काय होईल याचा विचारच केलेला नव्हता. सरकार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. मला विचारशील तर ती बंदी म्हणजे सासूबाईंची भीती सरकारी कागदावर छापली होती इतकंच. गोठ्यात जाते ती बिनलेबलची, चोरटी बाटली. ती बनवणारे आधीपासून कायद्याबाहेरच होते. त्यांना अधिसूचनेनं काय फरक पडणार होता? अडकली असती ती आरोग्य केंद्रातली सिस्टर, हातात रिकामा ट्रे घेऊन.

या औषधाची दुसरी अडचण फ्रिजची आहे. 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात टेबलावर पडलेल्या कुपीचा जोर हळूहळू जातो, आणि दिसायला तर ती तशीच स्वच्छ पाण्यासारखी. सिस्टरला वाटतं दिलं, पिशवी मात्र आवळत नाही. लस सांभाळतात त्याच फ्रिजमध्ये हेही ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी 2019 मध्ये मिळून सांगितलं.

आणि इथे तुमचं बेळगाव येतं, म्हणून तुला मुद्दाम सांगते. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी 2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक प्रयोग केला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 बाया, हाताशी फक्त नर्सबाई, ऑक्सिटोसिन नाही. निम्म्या जणींना बाळ झाल्यावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडानं दिल्या, निम्म्या जणींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या. गोळ्या मिळालेल्यांत जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी रक्तस्राव टाळण्यासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घातली. चंदगडच्या शेजारच्या खेड्यांतल्या बायांमुळे जगाला हे कळलं. अलीकडे कार्बेटोसिन आलंय. ऑक्सिटोसिनचंच बदललेलं रूप, त्याचा एक प्रकार उन्हाळ्यात फ्रिजबाहेर टिकतो. सुमारे तीस हजार बायांवर दहा देशांत त्याची चाचणी झाली, त्यांत भारतही होता. तरी फ्रिज चालू असेल तर ऑक्सिटोसिन उत्तमच आहे.

आता पुन्हा देण्याच्या वेळेकडे वळते. तिचं महत्त्व काय असतं याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. काकांना प्रोस्टेटसाठी दर तीन महिन्यांनी खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये इंजेक्शन घ्यावं लागतं ना, ते ल्युप्रोलाइड. तेही याच हायपोथॅलॅमसच्या एका हार्मोनची नक्कल आहे. ते मूळ हार्मोन मेंदू ठोक्याठोक्यानं सोडतो, साधारण तासा-दीड तासानं एकेकदा, आणि त्यावर बाईची पाळी, पुरुषाचं पुरुषपण चालतं. त्याची नक्कल असलेलं औषध सतत अंगात राहिलं तर पीयूषिका त्याला दाद देईनाशी होते आणि सगळं बंद पडतं. काकांचा कॅन्सर ज्या हार्मोनवर पोसतो तो असा तोडलाय. पदार्थ तोच, फक्त देण्याची लय बदलली की उलटा परिणाम. म्हणून "हे तेच आहे का" हा तुझा प्रश्न बरोबर असला तरी अपुरा आहे. कधी, किती, कुणाच्या नजरेखाली, हे विचारायला हवं.

शेवटचं एक, जे डॉक्टर घाईत सांगत नाहीत. गरोदरपणात पीयूषिका मोठी होते, तिला रक्त जास्त लागतं. बाळंतपणात खूप रक्त गेलं, रक्तदाब फार उतरला तर तिचाच भाग मरतो. 1937 मध्ये शीहान नावाच्या डॉक्टरांनी हे मांडलं, त्यांचंच नाव त्या आजाराला आहे. बाई वाचते, घरी जाते, पण दूध येत नाही. पाळी परत येत नाही. काखेतले केस जातात, थंडी वाजते, उठवत नाही. घरचे म्हणतात, बाळंतपणात खाल्लं नाही नीट. कितीतरी वर्षांनी कुणीतरी रक्ताच्या तपासण्या करतो तेव्हा कळतं. आणि उपाय साधा आहे, रोजच्या गोळ्या. फक्त आधी कॉर्टिसोनच्या जातीची गोळी, मगच थायरॉइडची. क्रम उलटा झाला तर जिवावर बेततं. तुमच्या वाड्यात एखादी काकू असेल, "शेवटच्या बाळंतपणात फार गेलं तेव्हापासून ती उठलीच नाही" अशी. असेल तर तिला बेळगावला किंवा कोल्हापूरला डॉक्टरकडे घेऊन जा, ही गोष्ट त्यांना सांग.

तू कुठे बाळंत होतेस, इकडे की तिकडे, ते तू आणि जावईबापू ठरवा. पहिलं माहेरी म्हणून तळोज्याला आलीस तर मला आनंदच आहे, मेट्रोही आता पेंधरपर्यंत आलीय. पण बेळगाव तुला जवळ आणि सोयीचं असेल तर माझा रुसवा नाही. जिथे असशील तिथे कळा सुरू झाल्यावर घरी कुणालाही काही टोचू देऊ नकोस, तो कितीही ओळखीचा असला तरी. दवाखान्यात ड्रिप लावली तर विचार की ठोके कोण बघणार, आणि मग त्यांच्यावर सोपव. बाळ झाल्यावरचं इंजेक्शन नाकारू नकोस, सासूबाईंनाही नाकारू देऊ नकोस. आणि एखाद्या वेळी रक्त जास्त गेलंच, आणि दोन-चार दिवसांत दूध उतरलं नाही, तर जिरं, डिंकाचे लाडू खुशाल खा, पण त्याआधी डॉक्टरला सांग.

सासूबाईंना माझा नमस्कार. हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. त्यांचे प्रश्न असतील तर सरळ मला फोन करायला सांग.

तुझी,
आत्या